छत नसलेलं जेवणघर

कोजागिरीच्या दुपारी शहरातल्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर लगबग सुरू होते. सतरंज्या जिन्याने वर चढतात, कुणीतरी वायरचं भेंडोळं घेऊन प्लग शोधत फिरतं, पाण्याच्या टाकीला दोरी बांधून दिव्यांच्या माळा ताणल्या जातात. सजावटीबद्दल दोन पक्ष ठरलेले असतात. एकाला झेंडूच्या माळा हव्या असतात, दुसऱ्याला फुगे. रात्री नऊ वाजता मात्र या दोन्हींबद्दल कुणी बोलत नाही. तेव्हा विषय असतात ट्यूबलाइटखालचे किडे, पायाला चावणारे डास, उडून गेलेली रांगोळी आणि शेजारच्या इमारतीआड अडकलेला चंद्र.

घरात पानं मांडायची तर भिंती वारा अडवतात, छत दव अडवतं, फरशी सपाट असते आणि दिवा कुठे लावायचा हे वायरमनने कधीच ठरवून टाकलेलं असतं. यजमानाच्या हातात उरतात ते टेबलक्लॉथ आणि फुलं. दाराबाहेर पाऊल टाकलं की ही सगळी आयती व्यवस्था मागे राहते आणि ती पुन्हा उभी करावी लागते. उघड्यावरच्या जेवणाच्या सजावटीतल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या वस्तूला म्हणूनच एक नेमून दिलेलं काम होतं. रांगोळी, मांडव, काचेतला दिवा, हौदातलं पाणी या गोष्टी शोभेच्या ठरल्या त्या नंतर. आधी त्यांनी जमीन, उजेड, वारा किंवा किडे यांपैकी कशाचा तरी बंदोबस्त केला होता.

जमीन

कोकणात पावसाळा संपला की घरापुढचं खळं नव्याने करावं लागतं. चार महिन्यांच्या पावसाने ते उखणलेलं, शेवाळलेलं असतं. तण काढायचं, माती टाकायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने चोपून ती घट्ट करायची आणि वरून शेणाने सारवायचं. भाताची झोडणी, वाळवणं आणि लग्नाच्या पंगती या सगळ्यांना हीच जमीन लागते. शेणातले गवताचे बारीक तंतू मातीला धरून ठेवतात, त्यामुळे शंभर माणसं उठली-बसली तरी धूळ उडून वरणात पडत नाही. सारवलेल्या गडद जमिनीवर पांढरी रांगोळी उठून दिसते आणि टिकतेही. पानाभोवतीची महिरप जेवणाऱ्याला त्याची जागा दाखवते आणि वाढप्याला पाऊल कुठे टाकायचं नाही हे सांगते.

गच्चीचं दुखणं वेगळं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत ते परत देत राहतो. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या गच्चीवर सात वाजता सतरंजी टाकून बसलं तर खालून शेक लागतो. यावर उपाय जुनाच आहे, पाण्याचा सडा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे हजार वॅटची शेगडी चाळीस मिनिटं चालवल्यावर मिळते तितकी. ही उष्णता पाणी बरंचसं स्लॅबमधूनच ओढून घेतं. वेळ मात्र सांभाळावी लागते. चार-पाचच्या दरम्यान शिंपडलेलं पाणी सतरंज्या येईपर्यंत वाळतं आणि जमीन गार करून जातं. पाहुणे येता येता मारलेला सडा फक्त दमटपणा वाढवतो. मुंबईच्या आधीच दमट हवेत पाणी सावकाश वाळतं, नागपूर किंवा सोलापूरच्या कोरड्या हवेत झपाट्याने. त्यामुळे तिथे सड्याचा गुण जास्त.

गच्चीत आणखी एक पथ्य पाळावं लागतं. मांडवाचा खांब अंगणात खड्डा करून रोवता येतो. गच्चीवर भोक पाडलं की पुढच्या पावसात खालच्या घराच्या छताला ओल येते. म्हणून बांबू वाळूने भरलेल्या तेलाच्या डब्यांत किंवा पिंपांत उभे करतात. डब्यांना गेरू फासून वर रांगोळीचे चार ठिपके दिले की वजन म्हणून आणलेली वस्तूच सजावट होते.

वाढप्याची वाट

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पॉम्पेई गाडलं गेलं तेव्हा तिथल्या अनेक घरांच्या बागांमध्ये जेवणाच्या पक्क्या बैठका होत्या. भोजनकक्षाची रोमन रीत अशी: तीन बाजूंना तीन ओटे, मध्ये टेबल, चौथी बाजू मोकळी. घरातले ओटे लाकडी असत, बागेतले दगड-विटांचे. पावसापाण्यात ते खराब होत नसत. त्यांची वरची बाजू किंचित उतरती बांधलेली असे, कारण जेवणारे डाव्या कोपरावर रेलून जेवत. दर ओट्यावर तिघं, म्हणजे एकूण नऊ. रोमन विद्वान व्हारो याच्या मते पाहुण्यांची संख्या तीन लावण्यदेवतांपेक्षा कमी आणि नऊ कलादेवतांपेक्षा जास्त असू नये.

या बैठकांवर सावली कशाची होती, हे विल्हेल्मिना जाशेम्स्की या अमेरिकी विदुषीने शोधून काढलं. ज्वालामुखीच्या राखेखाली झाडांची मुळं कुजून गेली होती, पण त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या होत्या. त्या साफ करून त्यांत सिमेंट ओतलं की मुळाचा हुबेहूब ठसा मिळे. त्यावरून कुठे द्राक्षवेल होता, कुठे मोठं झाड, कुठे मांडवाचा खांब, ते ओळखता येऊ लागलं. पॉम्पेईच्या अॅम्फिथिएटरजवळची एक मोठी मोकळी जागा गुरांचा बाजार समजली जात होती. तिथे दोन हजारांहून अधिक द्राक्षवेलींच्या मुळांचे ठसे निघाले. तो चक्क द्राक्षमळा होता आणि त्यात वेलींच्या मांडवाखाली जेवणाची दगडी बैठकही होती.

मोकळी सोडलेली चौथी बाजू म्हणजे वाढप्याची वाट. मराठी पंगतीतही समोरासमोरच्या दोन रांगांमधला पट्टा त्याच्यासाठीच राखलेला असतो. वरणाचं भांडं घेतलेला माणूस वाकून वाढत पुढे सरकेल, आणि उलट्या दिशेने ताक घेऊन येणाऱ्याला धक्का लागणार नाही, एवढी ती रुंद हवी. टेबल-खुर्च्यांच्या मांडणीत हेच गणित वेगळ्या आकड्यांत येतं. माणशी साधारण ६० सेंटिमीटर टेबल लागतं, आणि कुणी खुर्ची मागे सरकवली तरी मागून जाता यावं म्हणून जवळजवळ एक मीटर मोकळी जागा. गच्चीवर ही जागा हमखास कठड्याला टेबल चिकटवून खाल्ली जाते. मग कठड्याकडच्या माणसांना आमटी हवी असेल तर वाटी हातोहात फिरवावी लागते.

धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने वाढप्याचा प्रश्न पाण्यावर सोपवला होता. टस्कनीतल्या आपल्या बंगल्याचं वर्णन त्याने एका पत्रात केलं आहे. बागेच्या टोकाला पांढऱ्या संगमरवराची अर्धगोल बैठक, तिच्यावर चार खांबांनी पेललेला द्राक्षवेल. बसणाऱ्यांच्या वजनाने दाबलं जावं तसं बैठकीखालून पाणी बाहेर येई आणि समोरच्या संगमरवरी हौदात साठे. हौद काठोकाठ भरे, पण कधी ओसंडत नसे. जड थाळ्या हौदाच्या काठावर ठेवत आणि हलकी पक्वान्नं छोट्या होड्यांच्या नि पक्ष्यांच्या आकाराच्या भांड्यांत पाण्यावर तरंगत फिरत. हे पत्र श्रीमंतीचा नमुना म्हणून नेहमी सांगितलं जातं. पण इटलीच्या उन्हाळ्यात वेलीची सावली, थंड दगड आणि वाहतं पाणी एकत्र आणणारी ही जागा तितकीच व्यवहारीही होती.

पाव लक्स

उघड्यावरच्या जेवणात सगळ्यात जास्त चुका उजेडाच्या होतात आणि त्यांतल्या बहुतेक जास्त उजेडाच्या असतात.

पौर्णिमेचा चंद्र निरभ्र आकाशात डोक्यावर असताना जमिनीवर साधारण पाव लक्स प्रकाश देतो. मेणबत्तीपासून एक मीटरवर एक लक्स प्रकाश असतो. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो. म्हणजे पुनवेचं चांदणं हे दोन मीटरवर ठेवलेल्या एका मेणबत्तीएवढं असतं. घरातल्या जेवणाच्या टेबलावर सहसा शंभर लक्स किंवा त्याहून जास्त प्रकाश असतो. गच्चीवर एक ट्यूब लावली की चांदणं पुसलं जातं, ते याच हिशेबामुळे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो आणि तो सराव मोडायला मोबाइलचा टॉर्च एकदा चमकला तरी पुरतो.

एवढ्या कमी उजेडात डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जेमतेम काम करतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यान पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की संधिप्रकाशात लाल फुलं आधी काळवंडतात आणि निळसर छटा त्या मानाने उजळ राहतात. झेंडूच्या माळांचा पक्ष इथे हरतो. चांदण्यात केशरी झेंडू करडा दिसतो आणि लाल गुलाब काळा. पांढरं ते तेवढं दिसत राहतं. निशिगंध, तगर, पांढरी शेवंती, पारिजातक ही ऑक्टोबरात मिळणारी फुलं चांदण्यासाठीच असावीत अशी आहेत. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. रात्री फुलणाऱ्या अनेक फुलांचा पांढरा रंग आणि अंधार पडल्यावर वाढणारा वास हा निशाचर पतंगांना बोलावण्यासाठी असतो. माणसांना तो आयता मिळतो.

मोगलांना हे ठाऊक असावं. आग्र्याला ताजमहालासमोर, यमुनेच्या पलीकडच्या काठावर मेहताब बाग आहे. शाहजहान स्वतःसाठी काळा ताज बांधणार होता ही दंतकथा फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याच्या लिखाणापासून चालत आली आणि तिथले अवशेष त्याचाच पाया मानले गेले. १९९० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या अभ्यासकांच्या साथीने तिथे काम केलं, तेव्हा मातीखालून अष्टकोनी हौद आणि कारंज्यांची व्यवस्था निघाली. नावाप्रमाणे ती चांदण्यात बसायची बाग होती. हौदाच्या पाण्यात ताजचं प्रतिबिंब पडे, म्हणजे चंद्राचा उजेड बसणाऱ्यांना दोनदा मिळे.

कोजागिरीला गच्चीचा नकाशा काढायचा तो चंद्र धरून. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री आठला तो क्षितिजापासून साधारण पंचवीस अंश वर आलेला असतो आणि मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. गच्चीच्या पूर्वेला वीस मीटरवर तीन मजले जास्त उंच इमारत असेल, तर आठ वाजता चंद्र तिच्या काठाशी लपंडाव खेळत असणार. अशा ठिकाणी बैठक पश्चिमेच्या कठड्याजवळ घेतली की तेवढं अंतर वाढतं आणि चंद्र लवकर दिसतो.

चंद्र नसलेल्या रात्री किंवा पावसाळी ढगांत दिवे लावावेच लागतात. तेव्हा प्रश्न त्यांच्या जागेचा. डोळ्यांच्या रेषेत उघडा बल्ब आला की समोरच्या माणसाचा चेहरा काळा दिसतो. दिवा एकतर बराच वर हवा, नाहीतर टेबलाच्या पातळीवर झाकलेला. पॉम्पेईतल्या एका श्रीमंत घरात तरुणाचा ब्राँझचा पुतळा सापडला. ग्रीक शैलीतला तो सुंदर पुतळा घरमालकाने दिवा धरायच्या कामाला लावला होता. आज तो नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. गच्चीवर हेच काम काचेच्या बरणीत वाळू घालून खोचलेली मेणबत्ती करते. वाळूमुळे बरणी कलंडत नाही, काचेमुळे ज्योत विझत नाही. पायऱ्या आणि उंबरठा इथे मात्र वेगळा दिवा हवा, कारण हातात भरलेलं पातेलं घेऊन येणारा माणूस पायाखाली बघत नाही.

विजेच्या माळांबाबत एक साधी तपासणी करावी. खोक्यावर ‘आयपी’ या अक्षरांनंतर दोन आकडे असतात. पहिला धुळीपासूनचं संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचं. घरात वापरायच्या माळेवर बहुधा २० लिहिलेलं असतं. त्यातलं शून्य म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही. बाहेर किमान ४४ हवं. वायर गच्चीवर आणताना ती ज्या सर्किटमधून येते त्याला ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच आहे का, हेही पाहावं.

किडे आणि डास

दिव्यावर किडे का झेपावतात याला अनेक उत्तरं दिली गेली: ते दिव्याला चंद्र समजतात, उबेकडे ओढले जातात, दिपून जातात. २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचं उड्डाण टिपलं, आणि वेगळीच गोष्ट दिसली. उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे लाखो वर्षं या सवयीने त्यांना वर-खाली कळत आलं. जवळ दिवा आला की ते त्याच्याकडे पाठ वळवतात, त्यांचा मार्ग वाकतो आणि ते दिव्याभोवतीच फिरत राहतात.

निळसर आणि अतिनील प्रकाशाकडे बहुतेक कीटक जास्त ओढले जातात. पिवळसर, २,७०० केल्विनच्या आसपासच्या दिव्यांभोवती गर्दी कमी होते. शेतकरी पिकावरच्या किडींसाठी प्रकाश सापळा लावतात तो याच स्वभावाचा फायदा घेऊन. गच्चीवर पांढरी ट्यूब लावायचीच असेल तर ती जेवणापासून दूर, टाकीपलीकडच्या कोपऱ्यात लावावी. भातपट्ट्यात दिवाळीच्या आसपास हिरवे तुडतुडे दिव्यांवर तुटून पडतात, त्या दिवसांत वाढण्याच्या टेबलावर थेट दिवा नसलेलाच बरा.

डासांचं तसं नाही. त्यांना दिव्यापेक्षा माणूस हवा असतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांच्या मागावर ते येतात. डास उडण्यात कच्चा असतो. ताशी दोन-अडीच किलोमीटर हा त्याचा वेग, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही कमी. साधा टेबल फॅन खाली ठेवून पायांच्या दिशेने वळवला तर त्या वाऱ्यात डासाला उतरता येत नाही, आणि माग काढायचा वासही विखुरतो. सुगंधी उदबत्तीपेक्षा पंखा जास्त काम करतो. आठवडाभर आधी कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओतून देणं हीसुद्धा जेवणाचीच तयारी. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात.

वारा, दव आणि दुधाचं पातेलं

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. झुळूक दुप्पट झाली की कापडावरचा ताण चौपट होतो. संध्याकाळी निवांत डोलणारी कनात रात्री अचानक शिडासारखी फुगते ती यामुळे. जुन्या मांडवांवर जांभळाचे, उंबराचे किंवा आंब्याचे टाळे टाकत, नारळाच्या प्रदेशात झावळ्या. पानांच्या छपरातून वारा गाळून निघतो, त्यामुळे ते फुगत नाही. सलग ताडपत्रीपेक्षा जाळीदार हिरवं शेडनेट गच्चीवर सुरक्षित, याचं कारणही हेच.

ऑक्टोबरच्या निरभ्र रात्री दव पडतं. खुर्च्या, थाळ्या, भांडी आपली उष्णता आकाशाकडे टाकत हवेपेक्षाही थंड होतात आणि हवेतली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन बसते. डोक्यावर कापड असेल तर ही उष्णता आकाशात निसटत नाही, त्यामुळे त्याखालच्या वस्तू बराच वेळ कोरड्या राहतात. माणसांना चंद्र हवा म्हणून बैठक उघडी आणि अन्नाच्या टेबलावर तेवढा चांदवा, अशी वाटणी त्यातून आपोआप होते.

मसाला दुधाची काळजी वेगळी. बदाम-पिस्ते, केशर, वेलदोडा घालून आटवलेलं दूध चांदण्यात ठेवायची रीत आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि शिजलेलं अन्न या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. चंद्र बाराला माथ्यावर येणार आणि दूध आठला वर आणलं, तर मधले चार तास ते मंद आचेवर राहिलेलं बरं. साडेअकराला पातेलं उतरवावं, पांढऱ्या मलमलीने झाकावं, आणि प्यायच्या वेळी कापड काढावं.

गाण्यांची वेळ मात्र चंद्राच्या हाती नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. वर्षातल्या पंधरापर्यंत दिवसांना राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकतं. एरवी दहानंतर नुसता गळा.

आवराआवर

१९८८ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्स्वा पास्किए याने मित्रमंडळींना बुआ द बुलोन्य या विस्तीर्ण उद्यानात जेवायला बोलावलं आणि एकमेकांना ओळखता यावं म्हणून सगळ्यांना पांढरे कपडे घालून यायला सांगितलं. त्यातून ‘दिने आँ ब्लाँ’ ही दरवर्षीची पांढरी मेजवानी उभी राहिली. आता ती जगातल्या अनेक शहरांत होते. जागा शेवटच्या क्षणापर्यंत गुप्त असते. टेबल, खुर्च्या, चादर, ताटल्या, जेवण सगळं पाहुण्यांनीच आणायचं, आणि निघताना कचऱ्यासह सगळं परत न्यायचं. रस्ता किंवा चौक काही तासांपुरता जेवणघर होतो आणि रात्री पुन्हा मोकळा होतो.

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताटल्या-वाट्यांवर बंदी आली. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण तेव्हापासून शहरातल्या दुकानांतही पुन्हा दिसू लागले. जेवण झाल्यावर त्या गुंडाळून खतात टाकता येतात. टाचण्या लावलेल्या असतील तर त्या आधी काढाव्या लागतात, म्हणून चोयांनी टाचलेल्याच मागून घ्याव्यात. उरलं काम सतरंज्या झटकण्याचं, माळा गुंडाळण्याचं आणि वाळूचे डबे जिन्याने खाली नेण्याचं. डबे कुणी उचलायचे हे दुपारीच ठरवून ठेवलेलं असलं तर बरं, कारण दूध पिऊन झाल्यावर गच्चीवर सहसा तिघंच उरतात.